तारेवर गुंडाळलेली तार : डबल बेसची साडेतीनशे वर्षं

वाद्यांच्या इतिहासावरच्या या गप्पांत आज मी एकाच वाद्याच्या तारांबद्दल बोलणार आहे. वाद्य आहे डबल बेस. माणसाच्या उंचीचं, जमिनीवर उभं करून, बाजूला उभं राहून किंवा उंच स्टुलावर टेकून वाजवायचं. सिंफनी ऑर्केस्ट्रात उजव्या हाताला मागे जी मोठाली, पोटाळ वाद्यं दिसतात ती हीच. जॅझमध्ये ड्रमच्या शेजारी एकच असतं आणि ते गजानं नाही, बोटांनी छेडतात. इंदूरला असा, बडोद्याला असा की बेंगळुरूला, जुन्या हिंदी गाण्यांत ठेक्याखाली चालत राहणारा तो जाड, गोल आवाज तुम्ही ऐकलेला असतो. त्याचं नाव विचारायची वेळ मात्र सहसा येत नाही.

व्हिडिओत मी दोन तारा हातात धरून दाखवल्या होत्या. पुस्तकात ते शब्दांत सांगतो. एक होती आतड्याची तात, नुसती पिळलेली, पिवळसर, बोटाला किंचित खरखरीत. दुसरी आजची पोलादी तार, आरशासारखी गुळगुळीत. ही दुसरी तार दिसायला एकसंध वाटते, पण ती एकसंध नसते. आत एक गाभा असतो आणि त्याभोवती धातूची चपटी पट्टी शेजारी शेजारी इतकी घट्ट गुंडाळलेली असते, की नख फिरवल्याशिवाय सांधा कळत नाही. वाजवणाऱ्याचं बोट किंवा गज त्या गाभ्याला कधीच लागत नाही. लागतो तो वेढ्याला. आणि हा वेढा मुळात आवाजासाठी आलाच नव्हता. तो आला वजनासाठी.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचं वजन. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ साली 'हार्मोनी युनिव्हर्सेल' या ग्रंथात हे हिशेब नीट मांडले. सूर खाली आणायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. एक सप्तक खाली यायचं असेल आणि लांबी-ताण तेच ठेवायचे असतील, तर तारेचं वजन चौपट करावं लागतं.

आता डबल बेसकडे बघा. व्हायोलिनची वाजणारी तार साधारण ३३ सेंटीमीटर. तिचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला १९६ कंपनांचा. डबल बेसची तार साधारण १०५ सेंटीमीटर, म्हणजे तिपटीहून थोडी अधिक. पण तिचा खालचा 'ई' सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा, म्हणजे जवळजवळ पाचपट खाली. व्हायोलिनच्याच प्रमाणात हे वाद्य करायचं झालं तर तार दीड मीटरहून लांब हवी. तेवढा हात माणसाला नाही. म्हणजे एवढं अवाढव्य दिसणारं हे वाद्य प्रत्यक्षात आखूड आहे. त्याच्या सुराच्या मानानं फारच आखूड.

लांबीची वाट कोणी चोखाळली नाही असं नाही. पॅरिसमधला नामवंत वाद्यकार जाँ-बाप्तिस्त व्हियोम यानं १८५० च्या सुमारास 'ऑक्टोबास' नावाचं साडेतीन मीटरच्या घरातलं वाद्य केलं. तारा दाबायला हात पुरत नाही म्हणून वर तरफा आणि खाली पायानं दाबायची पट्टी. बर्लिओझसारखा संगीतकार त्याच्यावर खूश होता. पण ऑर्केस्ट्रात ते रुजलं नाही. वाद्य कोचावर चढून वाजवायला लागणं ही काही दौऱ्यावर नेण्याजोगी गोष्ट नाही.

लांबी गेली. तार सैल करायची म्हटलं तर ती लुळी पडते, गजाखाली नुसती हेलकावते. राहिलं वजन. आतड्याच्या तातेचं मी गणित करून पाहिलं. १०५ सेंटीमीटर लांबी, प्रत्येक तारेवर साधारण २८ किलोचा ताण धरला, तर वरच्या 'जी' सुराची तात अडीच मिलिमीटर जाडीची येते. ठीक आहे, हाताळता येते. पण त्याच ताणाला खालचा 'ई' हवा तर तात सहा मिलिमीटरची लागते! शिसपेन्सिलीपेक्षा थोडीशीच बारीक. अशी दोरखंडासारखी तार वाकायला तयार नसते, आणि न वाकणाऱ्या तारेचा आवाज बिघडतो.

तो का बिघडतो हे तंबोरा ऐकणाऱ्यांना चटकन कळेल. मिरजेचा चांगला तंबोरा सुरात लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो कोणी वेगळा छेडलेला नसतो. तार एकाच वेळी पूर्ण, अर्धी, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शात थरथरत असते, आणि पाचव्या हिश्शातून तो गंधार येतो. तार लवचीक असेल तर हे सगळे उपस्वर आपापल्या जागी बसतात. तार ताठ असेल तर वरचे उपस्वर आपल्या जागेवरून चढे सरकतात. मूळ सुराशी त्यांचं जमत नाही. आवाज बोथट, घुसमटल्यासारखा होतो आणि नेमका सूर कोणता हेच कानाला पटत नाही. जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नाही, सोळापट वाढतो. सगळं दुखणं त्या सोळापटीत आहे.

म्हणजे हवी होती जड पण लवचीक तार. या दोन गोष्टी एकाच पदार्थात मिळत नाहीत. मग वजन एका ठिकाणी आणि ताण दुसऱ्या ठिकाणी ठेवला तर? ताण सोसेल आतला बारीक गाभा, वजन देईल त्याच्यावर गुंडाळलेली धातूची तार. गुंडाळलेली तार स्प्रिंगसारखी असते, वाकताना विरोध करत नाही. ती फक्त ओझं असते.

ही कल्पना नेमकी कोणाच्या डोक्यातून निघाली यावर मी पैज लावणार नाही, पण कागदोपत्री माग लंडनमध्ये लागतो. सॅम्युएल हार्टलिब हा गृहस्थ त्या काळच्या नव्या शोधांची टिपणं ठेवत असे. १६५९ च्या टिपणांत त्यानं गोरेत्स्की नावाच्या माणसाची नोंद केली आहे, की यानं ल्यूटच्या तारा चांदीच्या तारेनं मढवण्याची युक्ती काढली आहे. पाचच वर्षांनी, १६६४ मध्ये, जॉन प्लेफर्ड या प्रकाशकानं आपल्या संगीत शिकवणाऱ्या पुस्तकात या नव्या तारांची जाहिरातच केली. आतड्यावर किंवा रेशमावर बारीक तार गुंडाळलेल्या या तारा साध्या तातेपेक्षा मोठ्या आणि चांगल्या वाजतात, गजाखाली घ्या की बोटाखाली, असा त्याचा दावा. गज आणि बोट हे दोन शब्द लक्षात ठेवा. साडेतीनशे वर्षांनी हे दोघं एकमेकांच्या विरोधात उभे राहणार आहेत.

फ्रान्समध्ये ही युक्ती १६७५ च्या सुमारास व्हिओल वाजवणाऱ्या सँत-कोलोंबनं आणली असं त्याचा शिष्य जाँ रूसो १६८७ मध्ये लिहितो (हा तो तत्त्वज्ञ रूसो नव्हे). इटलीत याच सुमाराला बेस व्हायोलिन आकारानं लहान झालं आणि त्याला चेलो म्हणू लागले. स्टीफन बोन्टा या संगीत-इतिहासकाराची मांडणी अशी, की हे लहान होणं वेढ्याच्या तारांमुळेच शक्य झालं. जड तार मिळाली म्हणून लांब तारेची गरज उरली नाही, आणि आखूड वाद्यावर बोटं चपळ चालू लागली. मला ही मांडणी पटते. एका गुंडाळलेल्या तारेनं एका वाद्याचा जन्म करून दिला म्हणायला हरकत नाही.

डबल बेसला मात्र हा लाभ पुरता पोचायला फार वेळ लागला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपभर तीन तारांचे बेस सर्रास होते. दोमेनिको द्रागोनेत्ती, जन्म व्हेनिस १७६३, मृत्यू लंडन १८४६, हा त्या काळचा सर्वांत गाजलेला बेसवादक. १७९९ मध्ये व्हिएन्नात त्याचं वादन ऐकून बेथोवन चकित झाला होता. हा द्रागोनेत्ती तीन तारांवर वाजवायचा. जोवान्नी बोत्तेसिनी, ज्याला बेसचा पागानिनी म्हणत आणि ज्यानं १८७१ मध्ये कैरोत व्हेर्दीच्या 'आयदा'चा पहिला प्रयोग संचालित केला, तोही तीन तारांचाच. चौथी तार टाळण्याची कारणं अनेक होती. तीन तारांचा भार कमी, पोटाचं लाकूड मोकळं, आवाज खुला. पण त्यातलं एक कारण हेच की आतड्याच्या काळातली ती सर्वांत खालची तार वैतागवाणी होती. जाड, आळशी, गजाला उशिरा उत्तर देणारी.

याचा परिणाम काय? संगीतकारानं कागदावर खालचे सूर लिहिले आहेत, आणि तीन तारांच्या वाद्यावर 'ए'च्या खाली सूरच नाही. मग वादक ते सूर एक सप्तक वर उचलून वाजवत. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला ते बहुधा कळतही नसेल. पण स्वरलेखनात जो पाया लिहिला होता, तो अनेक ठिकाणी प्रत्यक्षात ऐकूच आला नाही. आपण आज तेच संगीत पोलादी चार तारांवर ऐकतो आणि ते असंच वाजत आलं असं गृहीत धरतो.

आतड्याच्या गाभ्यावर तांब्याचे किंवा चांदीचे वेढे असलेल्या खालच्या दोन तारा आणि वर दोन नुसत्या ताती, अशी सरमिसळ मग बराच काळ चालली. तिची स्वतःची दुखणी होती. आतडं हवेतला ओलावा पितं, आणि ताणलेल्या तारेचा सूर ढळतो. आपल्याकडे सारंगियांना हे नव्यानं सांगायला नको. पण वेढ्याच्या तातेचं दुखणं उलटं, कोरड्या हवेत होतं. आतडं आकसतं, बारीक होतं, धातूचा वेढा आहे तेवढाच राहतो. मधे फट पडते आणि तार झणझणायला लागते. मुंबईच्या पावसात आणि दिल्लीच्या हिवाळ्यात एकच तार टिकवायची म्हणजे कसोटीच. शिवाय घाम. अ‍ॅल्युमिनियमचा वेढा घामानं खातो, चांदीचा काळा पडतो.

पोलादाकडे लोक वळले ते या कटकटीला कंटाळून. पण पोलादाचंही सरळ नव्हतं. आपल्या हिशेबातला तोच 'ई' सूर भरीव पोलादात करायचा झाला तर तार अडीच मिलिमीटरची होते. सायकलच्या चाकाचा स्पोक साधारण दोन मिलिमीटरचा असतो. म्हणजे ही तार नव्हे, सळई. इथेही तोड वेढ्याचीच, पण या वेळी गाभाही बदलला. भरीव तारेऐवजी बारीक तंतूंचा दोर. गणितात एकसारखे १९ तंतू एकमेकांवर मोकळे घसरत असतील तर तेवढ्याच पोलादाचा ताठपणा साधारण एकोणिसाव्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षात तंतू एकमेकांना घासतात, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. पण दोर वाकतो, सळई वाकत नाही, हे विहिरीवर पाणी शेंदलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

व्हिएन्नातले वाद्यकार फ्रान्झ थोमास्टिक आणि अभियंता ओटो इनफेल्ड यांची कंपनी १९१९ ची. व्हायोलिनच्या कुटुंबाला पोलादी तारांची सवय लावण्यात तिचा मोठा वाटा. तिची 'स्पायरोकोअर' ही बेसची तार पुढे जॅझवाल्यांची जवळजवळ ठरलेली तार झाली. जर्मनीतली 'पिरास्त्रो' ही जुनी कंपनी आतड्याच्या गाभ्याची 'युडोक्सा' करत आली आणि दोराच्या पोलादी गाभ्याची 'फ्लेक्सोकोअर'ही. ती ऑर्केस्ट्रावाल्यांची लाडकी. दोन्हींचा गाभा पोलादी दोर, दोन्हींवर धातूचा चपटा वेढा. मग एक जॅझची आणि दुसरी ऑर्केस्ट्राची कशी?

इथे वेढ्याची खरी गंमत सुरू होते. डबल बेसच्या तारेवर वेढा सहसा एकच नसतो. आतले थर गोल तारेचे किंवा पट्टीचे असू शकतात, थरांमध्ये कधी रेशमासारखे मऊ धागे घालतात, आणि सर्वांत वर चपटी, घासून गुळगुळीत केलेली पट्टी. तार थरथरते तेव्हा हे थर एकमेकांना सूक्ष्म घासत असतात. या घासण्यात कंपनाची ऊर्जा मरते, आणि उंच उपस्वर आधी मरतात. थर किती घट्ट, मधे काय भरलंय, यावर आवाज किती वेळ रेंगाळेल आणि किती झळाळेल ते ठरतं.

गज काय करतो पाहा. राळ लावलेले केस तारेला धरतात, ओढतात आणि सोडतात. खालच्या 'ई'वर हे धर-सोड सेकंदाला ४१ वेळा होतं. त्यात तार नुसती बाजूला जात नाही, आपल्याच अक्षाभोवती थोडी पिळलीही जाते. तार फार मोकळी, फार झळाळती असेल तर सूर धरायच्या आधी खरखरते, किंचाळते. म्हणून ऑर्केस्ट्राच्या तारेत मुद्दाम ऊर्जा मारणारे थर. सूर चटकन लागतो, आवाज गडद, आठ बेसवाले एकत्र वाजले तरी एकजीव. बोटानं छेडणाऱ्याचं उलट आहे. त्याला एकदाच ऊर्जा घालायची संधी मिळते, नंतर तारेनं स्वतःच बोलत राहायचं. थरांनी ती ऊर्जा खाल्ली तर आवाज 'ठप' होऊन संपतो. त्याला हवी ती रेंगाळणारी, जरा गुरगुरणारी तार. प्लेफर्ड म्हणाला होता गज घ्या की बोट. पोलादाच्या काळात ते तितकं सोपं राहिलं नाही. कृत्रिम तंतूंच्या गाभ्याच्या 'ऑब्लिगातो', 'इव्हा पिराझी' यांसारख्या तारा दोन्ही सांभाळू बघतात आणि बऱ्यापैकी सांभाळतातही. पण दोन्हीकडे पहिला नंबर कोणाचाच येत नाही, असं माझं मत.

आता स्पर्श. वेढ्याला कोणता धातू वापरला यावर तारेची जाडी ठरते. टंगस्टन पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे तेवढंच वजन कमी जाडीत बसतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, म्हणून तार जाड. बारीक तार डाव्या हाताला चपळ वाटते, पण बोटाच्या टोकात रुतते. जाड तार उजव्या हाताच्या बोटाला धरायला भरपूर मांस देते. आतडं ताणाला मऊ, छेडल्यावर रुंद झुलतं, म्हणून ते पटावरून उंच ठेवावं लागे. दाबायला जोर लागे, आवाज ठोस आणि आखूड येई. १९३९ ते १९४१ या दोन-अडीच वर्षांत ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात जिमी ब्लँटननं बेसला एकल वाद्याचा मान मिळवून दिला आणि १९४२ मध्ये तो २३ व्या वर्षी क्षयानं गेला. त्यानं हे सगळं आतड्याच्या काळात केलं, यावर जरा थांबून विचार करा.

पोलाद आलं, तार खाली आली. १९६० च्या दशकापासून जॅझमध्ये ती वेगानं पसरली आणि बेसचा आवाज विजेच्या यंत्रातून मोठा करण्याची सोयही त्याच सुमारास सुधारत गेली. खालच्या, रेंगाळणाऱ्या तारेवर गाता येऊ लागलं, पळता येऊ लागलं. बदल्यात ती जुनी लाकडी थाप गेली. चार्ली हेडननं मात्र वरच्या दोन तारा आतड्याच्याच ठेवल्या. त्याचं एखादं संथ वादन हेडफोन लावून ऐका, सुराच्या सुरुवातीचं मऊपण कानाला लगेच कळतं.

बेस गिटारवर याच वेढ्याचा दुसरा खेळ झाला. १९५१ ची फेंडर प्रिसिजन चपट्या वेढ्याच्या तारांवर वाजायची, आणि मोटाउनचा जेम्स जेमर्सन शेवटपर्यंत तशाच तारांवर राहिला. १९६६ मध्ये 'रोटोसाउंड' या इंग्लिश कंपनीनं 'द हू'च्या जॉन एंटविसलबरोबर बसून गोल वेढ्याच्या तारा घडवल्या. वेढा चपटा नाही, गोलच, त्यामुळे तार खडबडीत, पण आवाज पियानोसारखा लखलखीत. डबल बेसवर हे चाललं नाही. गोल वेढ्याच्या खाचांवर गजाचे केस घासटतात, राळ भरते, आणि मीटरभर तारेवर बोट सरकताना ती करवतीसारखी वाजते.

मुंबईत हे वाद्य आलं ते मुख्यतः पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि हॉटेलांतल्या जॅझच्या वाटेनं, आणि तिथून चित्रपटांच्या स्टुडिओत. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले वादक या तिन्ही ठिकाणी असत. सकाळी रेकॉर्डिंग, रात्री हॉटेल. १९५१ च्या 'अलबेला'त आपले सी. रामचंद्र आणि ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी जो पाश्चात्त्य बाज उभा केला, तसल्या संगीतात बेसचं काम बोटानं ठेका धरायचं. कधी तंतुवाद्यांच्या समूहात बसून गजानंही वाजवायचं. म्हणजे एकाच दिवसात गज आणि बोट, एकाच वाद्यावर, एकाच चार तारांवर. युरोपात ज्या कामांसाठी वेगळे वादक आणि वेगळ्या तारा असत, ती दोन्ही कामं हे लोक एका संचावर निभावत होते. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली.

आज एका बेसचा चार तारांचा बरा संच आणायचा तर खर्च बराच येतो, म्हणून बरेच वादक सरमिसळ करतात. खाली एका कंपनीच्या, वर दुसऱ्या, काहीजण वरच्या दोन पुन्हा आतड्याच्या. पोलादी तार वर्षानुवर्षं तुटत नाही, पण वेढ्यांच्या फटींत राळ, धूळ, घाम भरत जातो. थर आवळले जातात आणि झळाळी हळूहळू जाते. ऑर्केस्ट्रातल्या काही जुन्या हातांना नेमकी हीच मुरलेली तार आवडते आणि नवी तार चढवली की ते महिनाभर कुरकुरतात. जॅझवाला त्याच अवस्थेला तार 'मेली' म्हणतो आणि नवी मागवतो.

पुढच्या भागात गजाबद्दल बोलू: घोड्याचे केस, राळ, आणि फ्रेंच व जर्मन असे बेसचे गज धरण्याचे दोन प्रकार अजून का टिकून आहेत, याबद्दल.